करवीरक्षेत्रीं कर्मविचार

क्षेत्राला जातांना मनुष्य मनांत काय घेऊन निघतो, ह्यावर तो तेथून काय घेऊन येणार हें पुष्कळसें अवलंबून असतें. गेल्या कार्तिकांत आम्ही कोल्हापुरास गेलों, तेव्हां बरोबर आमच्या वृद्ध आत्याबाई होत्या, आणि घरांत अर्धवट राहिलेलें एक बोलणेंही मनांत होतें. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंची मुलगी बारावीची परीक्षा चांगल्या रीतीनें उत्तीर्ण झाली होती. परंतु बापाच्या आजारपणामुळें तिचें शिक्षण थांबवून तिला एका दुकानांत कामास लावलें होतें. निघण्याच्या आदल्या रात्रीं जेवणें आटोपल्यावर हा विषय निघाला. कोणी हळहळलें, कोणी महागाईस दोष दिला, आणि आत्याबाई सुपारी कातरतां कातरतां म्हणाल्या, “ज्याचें त्याचें प्रारब्ध!” झालें, तेथेंच तें बोलणें संपलें. आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांत असें अनेकदां घडतें. दहा माणसांच्या मनाला जें टोंचत असतें तें ह्या एका शब्दानें निवतें, आणि मंडळी आपापल्या अंथरुणाकडे वळतात.

कर्माचा सिद्धान्त आपल्या धर्माचा कणा आहे, असें आपण मुलांस सांगतों. तो सिद्धान्त इतका सोयीचा असावा काय, हा प्रश्न आमच्या मनांत त्या रात्रीं आला आणि प्रवासभर तसाच राहिला. त्याचें उत्तर आम्हांस एखाद्या पोथींत सांपडण्याऐवजीं कोल्हापूरच्या नदीकांठीं आणि रस्त्यांवर सांपडलें, म्हणून हा लेख लिहीत आहों.

कोल्हापुरास जुनीं माणसें करवीर म्हणतात, दक्षिण काशी असेंही म्हणतात. शहराच्या कडेनें पंचगंगा वाहते. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती ह्या चार नद्या आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून ही पंचगंगा झाली आहे. शहरापासून जवळच प्रयाग चिखली येथें हा संगम होतो आणि पुढें नरसोबाच्या वाडीस ही नदी कृष्णेस मिळते. कार्तिकस्नानासाठीं आम्ही पहांटे गंगावेशीवरून घाटावर उतरलों, तेव्हां पाण्यावर धुक्याचा पातळ पडदा होता. काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या, मधूनमधून दीपमाळा, आणि पात्रांतच उभीं असलेलीं लहान लहान देवळें. पावसाळ्यांत नदी चढली म्हणजे हीं देवळें पाण्यांत बुडतात व कार्तिकांत पुन्हां कोरडीं होऊन पूजेस सिद्ध असतात. त्रिपुरी पौर्णिमेच्या पहांटे ह्याच पायऱ्यांवर हजारों पणत्या लागतात.

आत्याबाईंनीं ओंजळींत पाणी घेऊन संकल्प सोडला. संकल्प आम्ही लहानपणापासून ऐकत आलों आहों. पण त्याची रचना आम्हीं कधीं नीट लक्षांत घेतली नव्हती. त्यांत प्रथम देशाचा उच्चार होतो, मग काळाचा, मग कर्त्याचा. आणि शेवटीं, मी हें कर्म करीन, असें म्हणून पाणी सोडावयाचें. ह्या ठिकाणीं, ह्या दिवशीं, मी. आपल्या धर्मांतील प्रत्येक कर्माची सुरुवात ह्या तीन गोष्टींनीं होते, हें ध्यानांत ठेवावें. कारण पुढें त्याचा उपयोग आहे.

ह्याच पंचगंगेवर, अशाच कार्तिकांत, १८९९ सालीं जें घडलें त्यानें साऱ्या महाराष्ट्राची मनें पुढें कित्येक वर्षें ढवळून निघालीं. छत्रपति शाहू महाराज त्या वेळीं पंचवीस वर्षांचे होते. त्यांचें कार्तिकस्नान चालूं असतां उपाध्याय मंत्र म्हणत होते. बरोबर मुंबईचे विद्वान् राजारामशास्त्री भागवत होते. मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हें त्यांच्या कानांनीं टिपलें व त्यांनीं तें महाराजांच्या नजरेस आणून दिलें. ज्यांना द्विज मानावयाचें त्यांच्यासाठीं वेदमंत्र आणि शूद्रांसाठीं पुराणांतील मंत्र, असा हा भेद होता. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाचा राज्याभिषेक १६७४ सालीं गागाभट्टांनीं वैदिक विधीनें केला, त्याच घराण्यांतील राजाला स्वतःच्या राज्यांत, स्वतःच्या नदीवर, वेदमंत्राचा अधिकार नाहीं, असा त्याचा अर्थ झाला.

पुढील हकीकत बहुतेकांस माहीत आहे. राजोपाध्यांनीं वेदोक्त विधि करण्यास नकार दिला. १९०१ सालीं नारायणशास्त्री सेवेकरी ह्यांनीं राजवाड्यांत वेदोक्त विधि केले. १९०२ सालीं राजोपाध्यांचें वतन खालसा झालें, आणि इंग्रज सरकारापर्यंत केलेलीं अपिलें फेटाळलीं गेलीं. ह्या वादांत दोन्ही बाजूंस ब्राह्मण होते, ही गोष्ट आपल्या घरांत फारशी सांगितली जात नाहीं. ज्यांनीं चूक दाखविली ते भागवत ब्राह्मण, आणि ज्यांनीं वहिवाट मोडून विधि चालविले ते सेवेकरीही ब्राह्मणच. उलटपक्षीं, ज्या लोकमान्यांनीं पुढें मंडालेच्या तुरुंगांत १९१०-११ च्या हिंवाळ्यांत ‘गीतारहस्य’ लिहिलें आणि त्यास ‘कर्मयोगशास्त्र’ असें दुसरें नांव दिलें, त्यांच्याच ‘केसरी’नें १९०१ सालीं वेदोक्ताच्या मागणीस खूळ म्हटलें होतें. थोरांच्या चुका मोजण्याची आम्हांस हौस नाहीं. परंतु कर्मयोगाचा एवढा मोठा भाष्यकारसुद्धां आपल्या काळाच्या वहिवाटींत कसा अडकतो, हें पाहून आपण सामान्यांनीं सावध व्हावें, एवढेंच म्हणणें आहे.

आतां ह्या वादाचा कर्माशीं संबंध कोणता? शास्त्री मंडळींचें उघड म्हणणें, कलियुगांत क्षत्रिय उरलेच नाहींत, असें होतें. पण त्याच्या मुळाशीं एक खोल समजूत होती: जन्म हा पूर्वकर्माचा निवाडा आहे, आणि ज्याला जो जन्म मिळाला त्यांत त्याच्या योग्यतेचा हिशोब आधींच झालेला आहे. छांदोग्योपनिषदाच्या पांचव्या अध्यायांत चांगल्या आचरणाच्या माणसास चांगली योनि व वाईट आचरणाच्या माणसास हीन योनि मिळते, अशा अर्थाचें वचन आहे, हें लपविण्यांत हंशील नाहीं. पण ह्या वचनाचा उपयोग दोन प्रकारें करतां येतो. “मी चांगलें वागलें पाहिजे,” असा बोध एकाला होईल. “हा हीन कुळांत जन्मला, तेव्हां हा पूर्वीं वाईटच वागला असला पाहिजे,” असा निकाल दुसरा देईल. पहिला पुढें पाहतो आणि स्वतःकडे पाहतो. दुसरा मागें पाहतो, आणि पाहतो तो शेजाऱ्याकडे. वचन एकच असून वाचणाऱ्याच्या तोंडाची दिशा निराळी, आणि तेवढ्यानें सर्व कांहीं बदलतें.

त्याच दिवशीं सायंकाळीं आम्ही अंबाबाईच्या देवळांत गेलों. नोव्हेंबरांत, आणि पुन्हां जानेवारीच्या अखेरीस व फेब्रुवारीच्या आरंभीं, येथें किरणोत्सव होतो. देवीचें मुख पश्चिमेकडे आहे. ठराविक दिवशीं मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून मंडप ओलांडीत गाभाऱ्यांत येतात. पहिल्या दिवशीं ते देवीच्या चरणांवर, दुसऱ्या दिवशीं मध्यभागीं व तिसऱ्या दिवशीं मुखावर पडावेत, अशी ज्या कोणी हें देऊळ बांधलें त्यांची योजना. आम्ही पहिल्या दिवशीं होतों. दिवे मालविले होते, मंडपांत श्वास घेण्यास जागा नव्हती, आणि तो तांबूस प्रकाश उंबऱ्यावरून हळूहळू आंत सरकत चरणांपाशीं पोहोंचला तेव्हां सर्वांच्या तोंडून एकदम देवीचा जयजयकार निघाला. बाहेर आल्यावर एका पुजाऱ्यांनीं सांगितलें कीं, पश्चिमेकडे किरणांच्या वाटेंत उंच इमारती आल्या, हवेंतली धूळही वाढली, त्यामुळें कित्येक वर्षीं किरण मुखापर्यंत पोहोंचतच नाहींत. आत्याबाई थोडा वेळ गप्प राहिल्या व म्हणाल्या, “सूर्य आपल्या वेळेला येतो, देवी आपल्या जागीं उभी आहे. मधें भिंती घातल्या त्या माणसांनीं.” त्यांनीं हें सहज म्हटलें, परंतु दुसऱ्या दिवशीं त्यांनींच आपल्या ह्या बोलण्याचा अर्थ आम्हांस समजावून दिला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दसरा चौकांत गेलों. चौकांत शाहू महाराजांचा पुतळा आहे आणि आसपास जुनीं वसतिगृहें आहेत. कोल्हापूरचे लोक त्यांस अजून ‘बोर्डिंग’ असेंच म्हणतात. ह्यांची कथा सांगण्यासारखी आहे. महाराजांनीं १८९४ सालीं राज्यकारभार हातीं घेतला, तेव्हां दरबारच्या ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण होते. सर्व जातींच्या मुलांसाठीं म्हणून १८९६ च्या सुमारास एक वसतिगृह काढलें, तर थोड्याच काळांत त्यांत सारे ब्राह्मण विद्यार्थीच दिसूं लागले. दार सर्वांस मोकळें असलें तरी त्या दारापर्यंत येण्याची वाट सर्वांस मोकळी नसते, हें महाराजांनीं त्यावरून ओळखलें. मग १९०१ सालीं मराठा विद्यार्थ्यांसाठीं, १९०६ सालीं मुसलमान विद्यार्थ्यांसाठीं, १९०८ सालीं मिस क्लार्क ह्यांच्या नांवानें अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीं, शिवाय जैन, लिंगायत इत्यादि समाजांसाठीं, अशीं एकामागून एक बोर्डिंगें उभीं राहिलीं. जातवार वसतिगृहांनीं जाती पक्क्या होतील, अशी टीका तेव्हांही झाली, आणि ती अगदींच पोकळ होती असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु खेड्यांतून आलेल्या पोरास रात्रीं डोकें टेकावयास जागा व दोन वेळां अन्न मिळाल्याखेरीज त्याच्यापुढें समतेचें व्याख्यान देऊन उपयोग नाहीं, हेंही तितकेंच खरें. २६ जुलै १९०२ रोजीं राज्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठीं राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला, आणि १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत झालें.

गंगाराम कांबळे ह्यांची गोष्टही येथील जुने लोक अजून सांगतात. पाण्याला शिवल्याच्या कारणावरून त्यांना मार खावा लागला होता. महाराजांच्या साह्यानें त्यांनीं भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नांवाचें चहाचें हॉटेल काढलें. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? तेव्हां महाराज स्वतः तेथें गाडी थांबवीत, चहा मागवून पीत, आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजीत. राजानें घेतल्यावर ‘नको’ कोण म्हणणार! महाराजांनीं जन्मान्तराची चर्चा कांहीं केली नाहीं. गंगाराम पूर्वजन्मीं कोण होते, हें त्यांनीं कोणत्याही ज्योतिष्याला विचारलें नाहीं. “ह्या ठिकाणीं, ह्या दिवशीं, मी काय करूं शकतों,” एवढेंच पाहिलें. म्हणजे संकल्पाच्याच त्या तीन गोष्टी.

१९२० च्या मार्चांत कोल्हापूर संस्थानांतील माणगांव येथें अस्पृश्यांची परिषद भरली. त्या वेळीं महाराजांनीं ज्या तरुण डॉ. आंबेडकरांचा गौरव केला, त्यांनीं आयुष्याच्या शेवटीं लिहिलेल्या व १९५७ सालीं प्रसिद्ध झालेल्या बुद्धविषयक ग्रंथांत कर्मसिद्धान्तावर एक आक्षेप घेतला आहे. माणसाची आजची स्थिति त्याच्या पूर्वजन्माच्या कर्मामुळें आहे असें ठरविलें, म्हणजे गरिबांच्या व दलितांच्या हालांची जबाबदारी राज्यावर किंवा समाजावर राहतच नाहीं. ह्या सुटकेखेरीज त्या मताचा दुसरा हेतु कोणता असणार, असा त्यांचा सवाल आहे. हा आक्षेप आपल्याला झोंबतो. पण झोंबला म्हणून तो खोटा ठरत नाहीं. त्याला उत्तर द्यावयाचें तर श्लोकांनीं देतां येणार नाहीं. आपल्या घरांत ‘प्रारब्ध’ हा शब्द आपण कोणत्या वेळीं आणि कोणाविषयीं उच्चारतों, हें आधीं तपासावें लागेल.

तशी तपासणी त्या सकाळीं आमच्या डोळ्यांदेखत झाली. एका बोर्डिंगाच्या दाराशीं आत्याबाई पायरीवर टेकल्या. कांहीं मुलें धुतलेले कपडे वाळत घालीत होतीं, एक मुलगा पुस्तक घेऊन येरझारा घालीत पाठ करीत होता. आत्याबाईंनीं राखणदाराला विचारलें, “कुठचीं हो मुलें?” त्यानें आजरा, चंदगड, गगनबावडा अशीं नांवें घेतलीं. त्या त्या पाठ करणाऱ्या मुलाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग आमच्याकडे न पाहतांच बोलूं लागल्या.

“मी सातवीच्या परीक्षेंत शाळेंत पहिली आलें होतें, हें तुम्हां पोरांना कुणीं सांगितलें नसेल. मास्तर दोनदां घरीं आले. म्हणाले, मुलीला पुढें शिकवा, कोल्हापुरास ठेवा, मी सोय पाहतों. भाऊला त्याच वर्षीं पुण्याला धाडायचें होतें. दोघांचा खर्च झेपण्यासारखा नव्हता. आईनें चुलीपाशीं डोळे पुसले, आणि पोरीचें प्रारब्ध म्हणाली. तेव्हांपासून मीही तेंच म्हणत आलें. पण बाळांनो, तें प्रारब्धानें ठरवलें नाहीं. ओसरीवर बसून दादांनीं ठरवलें. मी दाराआड उभी होतें, मीं ऐकलें.”

थोड्या वेळानें त्यांनीं एवढेंच जोडलें, “दादा वाईट नव्हते हो. त्यांना दुसरें सुचलें नाहीं. आणि दुसरें सुचावें असें कुणाला वाटलेंही नाहीं, कारण तो शब्द तयार होता.”

भाऊ म्हणजे आमचे वडील. पुण्यास शिकून ते मोठ्या नोकरीस लागले. आमचें घर, आमचें शिक्षण, हा लेख लिहिण्यापुरती आलेली अक्षरओळख, सारें त्या खर्चांतून उगवलेलें. आम्ही ज्याला आमचें पूर्वसुकृत समजत होतों, त्यांत आत्याबाईंची सातवीपुढची शाळा होती. ह्यावर बोलण्यासारखें आम्हांपाशीं कांहीं नव्हतें. आम्हीं त्यांना हात दिला, आणि आम्ही मुकाट्यानें बिऱ्हाडीं परतलों.

तिसऱ्या दिवशीं आम्ही एस्. टी. नें राधानगरीस गेलों. कोल्हापुराहून नैर्ऋत्येस सुमारें ५० किलोमीटरांवर, भोगावतीच्या खोऱ्यांत, दोन्ही बाजूंस उंसाचे मळे पाहत हा रस्ता सह्याद्रीच्या कुशींत शिरतो. शाहू महाराजांनीं येथें भोगावतीवर धरण बांधण्यास घेतलें. दुष्काळ व प्लेग ह्या दोन्ही आपत्ती त्यांनीं राज्यावर येतांच पाहिल्या होत्या. दुष्काळास दैवी कोप म्हणण्याची रीत तेव्हां सार्वत्रिक होती; महाराजांनीं डोंगरांतून वाहून जाणारें पाणी अडविण्याचें काम काढलें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस पैशाअभावीं तें काम अर्ध्यावर थांबलें, आणि ६ मे १९२२ रोजीं महाराज वारले तेव्हां तें अपुरेंच होतें. तें पुरें झालें स्वराज्य आल्यानंतर. आज त्या खोऱ्यांतील ऊंस आणि भात ज्या पाण्यावर उभा आहे, तें पाणी ज्यानें अडविण्यास आरंभ केला त्याच्या डोळ्यांनीं तो भरलेला तलाव कधीं पाहिला नाहीं. फळाची आशा न धरितां कर्म करावें, हें आपण कीर्तनांत नेहमीं ऐकतों. त्याचा दगडचुन्यांतला अर्थ आम्हांस येथें दिसला.

बांधाच्या जवळ उभे राहून पाण्याकडे पाहत असतां शास्त्रांतील त्रिविध कर्माचा विचार आपोआप मनांत आला. अनेक जन्मांचें सांठलेलें तें संचित. त्यांतून ह्या जन्मीं भोगण्यास सुटलेलें तें प्रारब्ध. आणि आपण आज जें करीत आहों तें क्रियमाण. वेदान्ती प्रारब्धास सुटलेल्या बाणाची उपमा देतात. बाण सुटला कीं धनुर्धराच्या हातीं कांहीं उरत नाहीं. आम्हांस ह्या तलावाची उपमा अधिक जवळची वाटली. मागील पावसानें भरलेलें पाणी तें संचित. दारांतून नदींत सुटलेलें तें प्रारब्ध; तें परत आंत घेतां येत नाहीं. आणि डोंगरावर आज पडणारा पाऊस तें क्रियमाण. ह्या धरणास आपोआप उघडणारे सात दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीस आलें कीं ते उघडतात. तेथें कोणाचा रागलोभ चालत नाहीं. कर्माचें फळ देणारा ईश्वर पक्षपाती नाहीं असें आचार्य सांगतात, त्याचा अर्थ असाच कांहीं असावा.

पण उपमा एवढ्यावर थांबत नाहीं. सुटलेलें पाणी कोणाच्या दाराशीं जाणार, हें केवळ पाणी ठरवीत नाहीं. २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत पंचगंगेला महापूर आला. राजाराम बंधाऱ्यापाशीं ३९ फुटांवर इशाऱ्याची व ४३ फुटांवर धोक्याची पातळी धरितात. त्या दोन्ही वर्षीं पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. पाऊस दैवाचा म्हणा. परंतु नदीच्या पात्रालगत भराव कोणीं घातले, पूररेषेंत घरें कोणीं बांधलीं व कोणीं बांधूं दिलीं, आणि सखल भागांत राहण्यावांचून ज्यांना गत्यंतर नाहीं ते तेथें कां राहतात, ह्या प्रश्नांचीं उत्तरें आभाळांत नाहींत. आणि त्याच पुरांत ज्यांनीं परक्यांस घरांत घेतलें, पोळ्या भाजून नावांतून पोहोंचविल्या, त्यांनींही शेजाऱ्याच्या प्रारब्धाचा विचार केला नाहीं. “ज्याचें त्याचें कर्म” म्हणून ते माडीवर बसून राहिले असते, तर त्यांस धार्मिक कोण म्हणालें असतें?

येथें याज्ञवल्क्याचा एक विचार सांगितल्यावांचून राहवत नाहीं. बृहदारण्यकांत आर्तभाग नांवाचा ऋषि याज्ञवल्क्यास विचारतो कीं, मनुष्य मेल्यावर त्याचें सर्व कांहीं पंचमहाभूतांत मिळून गेल्यावर तो स्वतः कोठें राहतो? याज्ञवल्क्य त्याचा हात धरून त्याला सभेबाहेर नेतो, आणि तेथें ते दोघे जें बोलतात तें केवळ कर्माविषयीं. कर्मसिद्धान्ताचा आपल्या वाङ्मयांतील हा अगदीं पहिल्या उच्चारांपैकीं एक आहे, आणि तो दोघांनीं एकांतांत, एकमेकांचा हात धरून केलेला आहे. दुसऱ्यास खालीं बसविण्यासाठीं भर सभेंत केलेला नाहीं. त्याच ऋषीच्या नांवानें चालणाऱ्या याज्ञवल्क्यस्मृतींत, राजधर्माच्या प्रकरणांत, दैव आणि पुरुषकार म्हणजे प्रयत्न ह्यांची चर्चा आहे. स्मृतिकार म्हणतात कीं, दैव म्हणजे पूर्वदेहांत केलेला प्रयत्नच, तो आतां प्रकट झाला एवढेंच. आणि एका चाकानें जसा रथ चालत नाहीं, तसें प्रयत्नावांचून दैव सिद्धीस जात नाहीं. हा विचार राजधर्मांत घातला आहे, ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. ज्याच्या हातीं सत्ता आहे त्यानें दैवाची सबब सांगूं नये, म्हणूनच तो तेथें आला असावा. आणि सत्ता कांहीं राजाच्याच हातीं असते असें नाहीं. घरांत ज्याच्या कमरेला किल्ल्या आहेत, ओसरीवर ज्याचा शब्द अखेरचा, ज्याच्या सहीनें मुलाचें नांव शाळेंत जातें, तो त्या घरापुरता राजाच होय.

ह्या सर्वांवरून आमच्या बुद्धीप्रमाणें आम्हीं काढलेला निष्कर्ष असा. कर्मसिद्धान्त हा स्वतःविषयीं विचार करतांना वापरावयाचा आहे. स्वतःच्या दुःखांत तो धीर देतो. स्वतःच्या सुखांत तो नम्र करतो. आणि आज हातून काय होत आहे इकडे लक्ष वेधतो. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहतांना मात्र तो शब्द ओठांवर आला, तर तो गिळावा आणि त्या जागीं आपलें क्रियमाण काय, हें विचारावें. पूर्वजन्म मानणाऱ्यासही हें बंधन आहे. न मानणाऱ्यास तर आहेच. कारण ज्या संचिताचा हिशोब पाहण्यास जन्मान्तरांत जावें लागत नाहीं, असें पुष्कळ संचित आपल्या घरांच्या ओसरीवर पडलेलें आहे. आजोबा-पणजोबांनीं घेतलेल्या निर्णयांचीं फळें आपण खात आहों, आणि त्यांची किंमत कोणीतरी दाराआड उभें राहून दिलेली आहे.

परतीच्या दिवशीं पहांटे आत्याबाई पुन्हां घाटावर आल्या. पायऱ्या दंवानें ओल्या होत्या. आम्हीं त्यांचा हात धरला. त्यांनीं स्नान केलें, अर्घ्य दिलें, आणि संकल्पाचें पाणी सोडतांना नेहमींपेक्षां थोडा अधिक वेळ ओंजळ तशीच धरून ठेवली. काय मागितलें, हें आम्हीं विचारलें नाहीं.

घरीं आल्यावर दुसऱ्याच रात्रीं, जेवणें आटोपल्यावर, त्यांनीं सुपारीचें तबक बाजूस सारलें व सर्वांस थांबावयास सांगितलें. त्यांच्या पोस्टांतील ठेवीचें पुस्तक त्यांनीं आधींच बाहेर काढून ठेवलें होतें. “त्या मुलीच्या कॉलेजाचा प्रवेश आतां जूनांतच होईल ना? तोंवर तिनें दुकान सोडूं नये, बापाचें औषध चाललें पाहिजे. पण संध्याकाळीं तिला आपल्याकडे येऊं दे. इंग्रजीचें कोण पाहणार, गणिताचें कोण पाहणार, तें तुम्ही आत्तां ठरवा. फीचें माझ्याकडे.” कोणीतरी म्हणालें कीं, एवढे पैसे तुमच्या औषधपाण्याला राहूं देत. त्या म्हणाल्या, “मग उरलेले तुम्ही घाला.”

त्यावर घरांत थोडी कुजबुज झाली, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. पण त्या रात्रीं कोणी प्रारब्धाचें नांव काढलें नाहीं. सोमवारपासून मुलगी येऊं लागली. ती ओसरीवर बसते. गणित आमच्याकडे आलें आहे, आणि तिला शिकवितां यावें म्हणून आम्हांसही रोज रात्रीं पुस्तक उघडावें लागतें.